वनशाळा आणि वनकायदा

१८७८ हे साल हिंदुस्थानच्या इतिहासात दुसऱ्या अफगाण युद्धामुळे आणि देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणाऱ्या कायद्यामुळे लक्षात राहिले आहे. त्याच साली आणखी दोन गोष्टी घडल्या. शालेय पुस्तकांत त्यांची नोंद सहसा सापडत नाही. व्हाइसरॉयच्या कायदेमंडळाने हिंदुस्थानचा वनकायदा संमत केला, आणि हिमालयाच्या पायथ्याशी डेहराडून येथे जंगलखात्यासाठी माणसे तयार करणारी शाळा उघडण्यात आली. रान कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर कायद्याने दिले. रान राखावे कसे, हे शाळेने शिकवायचे होते. वास्तविक पहिला प्रश्न दुसऱ्याच्या आधीचा. परंतु कायद्याने तो कायमचा निकालात निघाला असे गृहीत धरले गेल्यामुळे शाळेच्या वर्गात तो पुन्हा विचारला जाण्याचे कारणच उरले नाही.

आज भारतातील विद्यापीठांतून पर्यावरणविषयक धोरण आणि त्यामागील राजकारण हा अध्ययनाचा विषय झाला आहे. त्यावर पदव्या मिळतात, प्रबंध लिहिले जातात, परिषदा भरतात. हा विषय परदेशात तयार होऊन आपल्याकडे आयता आला, अशी पुष्कळांची समजूत असते. ती फार तर अर्धी खरी आहे. निसर्गाच्या रक्षणाचा भार कोणी उचलावा, त्याचा लाभ कोणाला व्हावा, आणि हे ठरविण्याचा अधिकार कोणाचा, हे या विषयाचे मर्म होय. आणि त्याची चर्चा हिंदुस्थानात सुमारे दीडशे वर्षांपूर्वी मोठ्या तयारीने झाली होती. ती वर्गात मात्र झाली नाही. ती झाली सरकारी दप्तरांत, सभांच्या अर्जांत आणि शेतकऱ्यांच्या गाऱ्हाण्यांत.

इंग्रजी अमलाच्या आरंभी राज्यकर्त्यांना रान म्हणजे नांगराच्या वाटेतील अडथळा वाटत असे. रान तुटले की जमीन लागवडीस येते, जमीन लागवडीस आली की सारा वाढतो, असा सरळ हिशेब होता. अपवाद एकाच झाडाचा, सागाचा. कारण इंग्लंडच्या आरमारास जहाजांसाठी लाकूड हवे होते. त्यासाठी १८०६ साली मलबारात कॅप्टन वॉटसन यांना रानाचे रक्षक नेमण्यात आले. त्यांनी सागाचा मक्ता सरकारकडे घेतला; रयत आणि व्यापारी दोघेही गांजले; अखेर १८२३ साली मद्रासचे गव्हर्नर टॉमस मन्रो यांच्या कारकीर्दीत ते पदच रद्द झाले. पुढे मुंबई इलाख्यात १८४७ साली डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांची वनरक्षक म्हणून नेमणूक झाली. हे गृहस्थ पेशाने शल्यवैद्य असून पुण्याजवळच्या दापोडी येथील सरकारी बागेचे प्रमुख होते. मद्रासेस १८५६ साली ज्यांना हे काम मिळाले ते ह्यू क्लेगहॉर्न हेही डॉक्टरच. त्या काळी वैद्याला वनस्पतिशास्त्र शिकावे लागे, म्हणून ही कामे त्यांच्याकडे आली हे खरे. पण या डॉक्टरांना सागाच्या घनफुटांपलीकडचेही काही दिसत होते. कोकणातील डोंगर उघडे पडल्यावर ओढे लवकर आटतात, हे गिब्सन यांनी सरकारला कळविले होते.

तथापि सरकारला खडबडून जागे केले ते आटलेल्या ओढ्यांनी नव्हे. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली, आणि रुळांखाली घालण्याच्या लाकडी स्लीपरांचा प्रश्न उभा राहिला. हिंदुस्थानच्या शेकडो जातींच्या वृक्षांपैकी साग, साल आणि देवदार या तिघांचेच लाकूड या कामी खऱ्या अर्थाने टिकणारे होते. १८६० साली देशात सुमारे १,३५० किलोमीटर लोहमार्ग होता. १९१० पर्यंत तो ५१ हजार किलोमीटरांच्या पुढे गेला. यावरून रानांवर किती मोठी मागणी येऊन कोसळली असेल, याची कल्पना करता येते. कंत्राटदारांनी हाती लागेल ते तोडले. तोडलेले सगळे वाहून नेता आले नाही, तेही तसेच कुजत पडले. सरकारच्याच गरजेने रानांची ही दैना केली होती. पुढे मात्र दोषाचे माप शेतकऱ्याच्या कुऱ्हाडीच्या आणि धनगराच्या शेळीच्या पदरात पडले.

लॉर्ड डलहौसी यांनी १८५५ साली वनरक्षणाचे धोरण लिहून काढले आणि त्यानंतर थोड्याच काळात ब्रह्मदेशातील पेगू प्रांताच्या सागवानावर एक जर्मन विद्वान नेमला गेला. त्यांचे नाव डीट्रिख ब्रँडिस. जन्म १८२४ चा. बॉन विद्यापीठात ते वनस्पतिशास्त्र शिकवीत. हिंदुस्थानच्या वनखात्याचा पाया घालणारा हा पुरुष इंग्रज नव्हता आणि सैनिकही नव्हता, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. पेगूच्या रानात साग किती आहे हे कोणालाच ठाऊक नव्हते. ब्रँडिस हत्तीवर बसून रान आडवेतिडवे छेदीत जात. पावसाळी हवेत कागद टिकत नसे, म्हणून हातात बांबूच्या कांबी धरीत आणि निरनिराळ्या जाडीचा साग दिसला की त्या त्या कांबीवर चाकूने खाच पाडीत. अशा खाचा मोजून त्यांनी रानाची मोजदाद केली आणि दरसाल किती झाडे तोडल्यास रान कायम राहील याचा हिशेब बसविला. हिंदुस्थानातील शास्त्रीय वनविद्येचा ओनामा या बांबूच्या कांबींवर लिहिला गेला, असे म्हणण्यास हरकत नाही.

१८६४ साली ब्रँडिस हिंदुस्थानचे पहिले वनमहानिरीक्षक झाले. दुसऱ्याच वर्षी एक छोटा वनकायदा झाला. वृक्षाच्छादित जमीन सरकारी रान म्हणून जाहीर करण्याचा अधिकार त्याने दिला, पण लोकांचे असलेले हक्क त्यामुळे कमी होऊ नयेत अशी अटही घातली. आता माणसे हवी होती. खुद्द इंग्लंडात वनविद्या शिकविणारी एकही संस्था नव्हती. म्हणून १८६७ पासून निवडक इंग्रज तरुणांना फ्रान्समधील नान्सी आणि जर्मनीतील हानोव्हर येथे पाठविण्यास प्रारंभ झाला. तेथे ते काय शिकत? वृक्ष किती वर्षांनी पक्व होतो, तोडीचे फेरे कसे आखावेत, एकाच जातीचे रान सलग कसे वाढवावे, त्यापासून उत्पन्न किती येते. हे ज्ञान खरे होते आणि उपयुक्तही होते. पण नान्सीच्या वर्गातून निघालेला तरुण सातपुड्यात येऊन उतरला म्हणजे त्याला तेथे रान आणि माणूस असे एकमेकांत गुंतलेले दिसत, की वर्गातील नकाशाशी त्याचा मेळ बसविणे कठीण जाई. ज्या गोष्टीसाठी शिक्षण मिळाले नाही, ती गोष्ट अधिकाऱ्याला गैरशिस्त वाटू लागते. हे केवळ जंगलखात्यापुरते खरे आहे असे नाही.

१८६५ चा कायदा अपुरा आहे, असे म्हणत सरकारने नव्या कायद्याचा विचार आरंभिला आणि तेथे खरा वाद पेटला. एका बाजूस पंजाबच्या सेवेतील बेडन-पॉवेल. १८७३-७४ च्या वनपरिषदेत जुन्या कायद्यातील दोष त्यांनी मांडले. त्यांचे प्रतिपादन थोडक्यात असे: पौर्वात्य देशांत पडीत जमीन आणि रान ही राजाची मालमत्ता; इंग्रज सरकार हे त्या राजांचे वारस; गावकरी रानातून लाकूडफाटा आणीत असतील तर तो राजाच्या मेहेरबानीने, हक्काने नव्हे; आणि मेहेरबानी केव्हाही काढून घेता येते. लेखी सनद असेल तर गोष्ट वेगळी. ज्या देशात गावच्या चालीरीती शतकानुशतके तोंडी चालत आल्या, तेथे लेखी सनदेची अट घातली की बहुतेकांचा दावा आपोआप खारीज होतो, हे सांगावयास नकोच.

याच्या नेमक्या विरुद्ध बाजूस मद्रासचे महसूल मंडळ होते. १८७१ सालीच या मंडळाने कळविले होते, की मद्रास इलाख्यात एखाद्या गावाच्या शिवेत न येणारे रान जवळजवळ नाहीच, आणि सरकारने कधी मालकी गाजविली असे रानही मंडळाच्या पाहण्यात नाही. हे लिहिणारे कोणी चळवळे नव्हते. साऱ्याच्या वह्या सांभाळणारे, गावोगाव जमाबंदीसाठी हिंडलेले इंग्रज अधिकारीच ते. त्यांना रानाचे शास्त्र येत नसेल, पण गाव येत होते. ब्रँडिस या दोहोंच्या मध्ये उभे राहिले. महत्त्वाची राने सरकारच्या ताब्यात हवीत, याबद्दल त्यांना शंका नव्हती. पण लोकांचे हक्क नीट नोंदले जावेत आणि सरकारी रानांबरोबरच गावांची स्वतःची राने, ग्रामवने, उभी करावीत, असा त्यांचा आग्रह होता. युरोपातील गावांच्या सामाईक रानांचा इतिहास त्यांना ठाऊक होता, आणि या देशातील देवराया त्यांनी डोळसपणे पाहिल्या होत्या.

पुण्याच्या सार्वजनिक सभेनेही या वादात भाग घेतला, ही गोष्ट मराठी माणसाला विशेष ठाऊक असावयास हवी. १८७० साली स्थापन झालेली ही सभा दुष्काळ, जमीनमहसूल, सावकारी अशा प्रश्नांवर सरकारला तपशीलवार निवेदने पाठवीत असे. १८७८ च्या मार्चमध्ये, विधेयक संमत होण्याच्या बेतात असताना, तिने वनविधेयकावरही आपले म्हणणे मांडले. रान राखणे आवश्यक आहे, हे सभेने मान्य केले. परंतु शिक्षेच्या आणि पोलिसी बंदोबस्ताच्या बळावर ते राखण्यापेक्षा गावकऱ्यांना विश्वासात घ्यावे, जो शेतकरी झाडे लावील व वाढवील त्याला त्याचा मोबदला मिळावा, म्हणजे रान आपोआप राखले जाईल, अशी तिची मांडणी होती. विरोध करून थांबण्याऐवजी दुसरा मार्ग दाखविणारे हे निवेदन आजच्या विद्यापीठातील कोणत्याही धोरणविषयक टिपणाच्या शेजारी ठेवता येईल. त्याचा उपयोग झाला नाही.

कायदा झाला तो बहुतांशी बेडन-पॉवेल यांच्या मताचा. त्याने रानांचे तीन वर्ग केले: राखीव, संरक्षित आणि ग्रामवने. संरक्षित रानात जे मना केलेले नाही ते चालते. राखीव रानात जे खास परवानगीने दिलेले नाही ते सारे मना. राखीव रान ठरविण्यापूर्वी जाहीरनामा काढावयाचा, दावे सांगण्यास निदान तीन महिन्यांची मुदत द्यावयाची, आणि मुदतीत दावा न सांगितल्यास हक्क बुडाला असे समजावयाचे, अशी रीत होती. कागदावर ही रीत न्याय्यच दिसते. पण ज्याला अक्षरओळख नाही, ज्याच्या पाड्यापासून तालुक्याची कचेरी दोन दिवसांच्या वाटेवर आहे, त्या कातकऱ्याला किंवा ठाकराला तीन महिन्यांची मुदत काय आणि तीन दिवसांची काय! ब्रँडिस यांच्या आग्रहाने ग्रामवनांचे प्रकरण कायद्यात आले, पण ते बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिले. १८७८ साली सरकारी रान सुमारे १४ हजार चौरस मैल होते. १९०० साली केवळ राखीव रानच ८१ हजार चौरस मैलांवर गेले होते.

या कायद्याचा घाव मुंबई इलाख्यात प्रथम बसला तो ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांना. आणि तेथील भांडण होते राबाचे. कोकणातील भातशेतीत रोपे तयार करण्यासाठी जमिनीचा एक तुकडा आधी भाजून घेतात. आईन वगैरे झाडांच्या फांद्या छाटून त्यांचे टहाळ वाळवावयाचे, ते त्या तुकड्यावर पसरून वर गवत, शेण आणि माती घालावयाची, आणि पावसाळ्याआधी पेटवून द्यावयाचे. त्या राखेत पेरलेले भात जोमदार उगवते, तण जळून जाते, आणि मग रोपे उपटून खाचरात लावली जातात. वनाधिकाऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर दरसाल मुंडके छाटलेले झाड म्हणजे उभे नुकसान; असे झाड सरळ वाढत नाही, त्याची तुळई निघत नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने पाहिले तर टहाळ नाही तर राब नाही, राब नाही तर रोप नाही. दोघेही आपापल्या जागी खोटे बोलत नव्हते. या वादाचा निवाडा एकट्या वनस्पतिशास्त्राला करता येणारा नव्हता; त्यासाठी शेतीही कळावी लागे, कायदाही आणि गरिबीही. तक्रारी इतक्या वाढल्या, की मुंबई सरकारला १८८५ साली एक वन आयोग नेमावा लागला. आयोगाचा अहवाल १८८७ साली आला. राबाच्या प्रश्नाला त्यात विस्ताराने हात घालावा लागला.

या सुमारासच महात्मा जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून पुरा केला, साल १८८३. त्यांनी दाखवून दिले, की ज्याच्या जमिनीत पोटापुरते पिकत नाही असा कुणबी पूर्वी रानातील फळे, पाने, मोहाची फुले आणि सरपण यांवर कसाबसा तग धरीत असे, गावच्या गायरानावर दोनचार जनावरे पाळीत असे. जंगलखात्याने डोंगरदऱ्या आणि पडीत जमिनी रानात घातल्यामुळे त्याचा तोही आधार गेला. जोतीरावांना रानाच्या ऱ्हासाची फिकीर नव्हती असे कोणी समजू नये. पाऊस डोंगरावरून माती धुऊन नेतो, त्यासाठी बांध आणि ताली घालाव्यात, हेही त्याच ग्रंथात आहे. मृदासंधारण आणि रयतेचा हक्क या दोन गोष्टी त्यांच्या विचारात एकत्र नांदत होत्या. पुढच्या शंभर वर्षांत शासनव्यवहाराने त्या दोन वेगळ्या खात्यांत आणि विद्याव्यवहाराने दोन वेगळ्या शाखांत वाटून टाकल्या.

सरकारच्या कानी हीच गोष्ट आणखी एका वाटेने आली. डॉ. व्होल्कर नावाचे कृषिरसायनतज्ज्ञ १८८९ मध्ये हिंदुस्थानात येऊन देशभर हिंडले, आणि १८९३ साली त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. जळण मिळत नाही म्हणून शेतकरी शेणाच्या गोवऱ्या जाळतो आणि शेत खताविना उपाशी राहते. यास्तव गावाजवळ सरपणाची आणि चाऱ्याची राने राखावीत, अशी त्यांची शिफारस होती. १८९४ च्या वनधोरणात शेतीच्या गरजांचा उल्लेख आला, त्याचे बरेचसे श्रेय या अहवालास आहे. अंमल मात्र जुन्याच वळणाने चालू राहिला.

मग डेहराडूनच्या शाळेत या सर्वांपैकी काय पोहोचले? शाळा हिंदी तरुणांना रेंजर करण्यासाठी होती. वरिष्ठ अधिकारी विलायतेहूनच येत. त्यांचे शिक्षण १८८५ पासून नान्सीऐवजी इंग्लंडमधील कूपर्स हिल येथे आणि १९०५ पासून ऑक्सफर्ड विद्यापीठात होऊ लागले. म्हणजे वनविद्या विद्यापीठाच्या दारात आली, पण ती साम्राज्याच्या नोकरीचे शिक्षण म्हणून. विद्यार्थ्यांना कायदा शिकविला जात नव्हता असे नाही. चांगला शिकविला जात होता. वनाधिकाऱ्यांसाठी कायदेशास्त्राचे पाठ्यपुस्तक १८८२ साली निघाले आणि वनकायद्यावरील मोठा ग्रंथ १८९३ साली; दोहोंचे लेखक एकच, बेडन-पॉवेल. वादात ज्याची सरशी झाली त्याच्याच पुस्तकावरून विद्यार्थी वाद समजून घेणार! मद्रासच्या महसूल मंडळाचे पत्र, पुण्याच्या सभेचे निवेदन, किंबहुना खुद्द ब्रँडिस यांचे ग्रामवनांविषयीचे म्हणणे, ही सारी पूर्वपक्षाची कागदपत्रे दप्तरात बांधली गेली. ज्ञानाच्या दृष्टीने डेहराडूनची कामगिरी लहान नव्हती. १९०६ साली तेथे संशोधनसंस्था निघाली, १९२९ साली तिची ती प्रसिद्ध भव्य इमारत उभी राहिली. झाडांचे रोग, लाकडाची ताकद, बियांची रुजवण यांवर तेथे झालेले काम अव्वल दर्जाचे आहे. उणीव होती ती एवढीच, की त्या प्रशस्त इमारतीत रानात राहणाऱ्या माणसाला दालन नव्हते.

तो माणूस आपले म्हणणे मग दुसऱ्या रीतीने मांडीत राहिला. कुमाऊंच्या डोंगरात १९२१ साली लोकांनी राखीव राने पेटवून दिली. सरकारला तक्रारनिवारण समिती नेमणे भाग पडले, आणि अखेर १९३१ साली वनपंचायतींचे नियम होऊन काही राने गावांच्या कारभाराखाली आली. ब्रँडिस यांना जे युक्तिवादाने साधले नाही ते आगीने साधले, असे म्हणावे लागते. महाराष्ट्रात १९३० साली, मिठागरे जेथे नाहीत अशा भागात सविनय कायदेभंगाला जंगल सत्याग्रहाचे रूप आले. १० जुलै १९३० रोजी लोकनायक बापूजी अणे यांनी पुसद येथे राखीव रानातील गवत कापून कायदा मोडला. मूठभर गवतासाठी तुरुंगात जाण्याचा अर्थ शहरातल्यांना नीट उमगला नसेल. वऱ्हाडातल्या गुराख्याला तो लगेच कळला. त्याच वर्षी २५ सप्टेंबरला कुलाबा जिल्ह्यातील चिरनेर येथे, अक्कादेवीच्या डोंगरावर, सत्याग्रहींवर गोळीबार होऊन माणसे मेली.

स्वातंत्र्य मिळाल्यावर हा जुना प्रश्न नव्याने विचारात घेतला जाईल, अशी अपेक्षा अवाजवी नव्हती. १९५० साली कन्हैयालाल मुनशी यांनी वनमहोत्सव सुरू केला. १९५२ चे राष्ट्रीय वनधोरण आले. देशाचा एकतृतीयांश भाग वनाखाली असावा, हे उद्दिष्ट त्यात आहे. पण गाव रानालगत वसले हा केवळ योगायोग होय, त्यामुळे साऱ्या देशाच्या हिताला बाध येऊ देता कामा नये, हेही त्याच धोरणात आहे. राष्ट्र उभारणीच्या त्या दिवसांत या विधानात कोणाला काही वावगे दिसले नाही. कारखान्यांना लाकूड हवे होते, कागदगिरण्यांना बांबू. राज्यकर्ते बदलले होते. पाठ्यक्रम आणि कायदा जुनाच होता. १९२७ चा वनकायदा, म्हणजे १८७८ च्या कायद्याचीच सुधारून वाढविलेली आवृत्ती, तशीच चालू राहिली.

पालट झाला तो १९७० नंतरच्या दशकात. १९७२ साली स्टॉकहोमला पर्यावरणावरील जागतिक परिषद भरली. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने वनांचे व पर्यावरणाचे रक्षण राज्याच्या मार्गदर्शक तत्त्वांत आणि नागरिकांच्या मूलभूत कर्तव्यांत घातले, आणि वने हा विषय राज्यांच्या यादीतून समवर्ती यादीत आणला. परंतु अभ्यासाला खरी दिशा मिळाली ती गढवालच्या डोंगरात. १९७३ साली मंडल येथे गावकऱ्यांनी झाडे तोडू दिली नाहीत. १९७४ साली रेणी गावात गौरादेवींनी आणि त्यांच्या सोबतिणींनी ठेकेदाराची माणसे परत लावली. हे ‘चिपको’ आंदोलन एका तरुण संशोधकाने समाजशास्त्रातील आपल्या प्रबंधाचा विषय केला. त्यांचे नाव रामचंद्र गुहा. योगायोग असा, की गुहांचा जन्म डेहराडूनचा आणि त्यांचे वडील तेथील वनसंशोधनसंस्थेतच नोकरीस होते. चिपकोचे मूळ शोधता शोधता ते कुमाऊंच्या १९२१ च्या वणव्यांपर्यंत आणि तेथून १८७८ च्या कायद्यापर्यंत मागे गेले. ब्रँडिस, बेडन-पॉवेल आणि मद्रासचे महसूल मंडळ यांची बांधून ठेवलेली कागदपत्रे पुन्हा उघडली गेली. ‘द अनक्वाएट वुड्स’ हा त्यांचा ग्रंथ १९८९ साली प्रसिद्ध झाला. याच काळात सरकारने नव्या वनकायद्याचा मसुदा केला होता. जुन्यापेक्षाही कडक असलेल्या त्या मसुद्याविरुद्ध १९८२ च्या सुमारास देशभर आवाज उठला, आणि त्या चर्चेत इतिहासाचा आधार प्रथमच घेतला गेला. मसुदा मागे पडला. १९८८ च्या वनधोरणाने तर वनालगतच्या आदिवासींच्या गरजांना रानाच्या उत्पन्नावर पहिला हक्क दिला; १९५२ च्या योगायोगाचा असा निकाल लागला.

दुसऱ्या बाजूने विज्ञानही या प्रश्नाकडे वळत होते. पुण्यास जन्मलेले आणि हार्वर्डला शिकलेले माधव गाडगीळ १९७० नंतरच्या दशकात बंगळूरच्या भारतीय विज्ञानसंस्थेत आले. कागदगिरण्यांना पुरविल्या जाणाऱ्या बांबूचा प्रश्न कर्नाटक सरकारने त्यांच्यापुढे ठेवला. बांबूच्या बेटाच्या बुंध्याशी काटेरी फांद्यांचे जाळे असते; वाढ चांगली व्हावी म्हणून खात्याच्या नियमाने ते साफ केले जाई. गावकरी सांगत, की काटे काढले की कोवळे कोंब गुरे आणि रानटी जनावरे खाऊन टाकतात. मोजणी करून पाहिल्यावर गावकऱ्यांचे म्हणणे खरे ठरले. प्रयोगशाळेत शिकलेल्या शास्त्रज्ञाने रानात राहणाऱ्याचे ज्ञान पडताळून पाहावे आणि ते खरे निघाल्यास तसे छापावे, ही साधीच गोष्ट. पण शंभर वर्षांत ती क्वचितच झाली होती. पुढे गाडगीळ आणि गुहा या दोघांनी मिळून १९९२ साली ‘धिस फिशर्ड लँड’ हा भारताच्या पर्यावरणाचा इतिहास लिहिला. वनशास्त्र, अर्थकारण आणि समाजशास्त्र यांमधील भिंती त्यात पाडल्या गेल्या, आणि विद्यापीठांतून शिकविला जाणारा विषय म्हणून पर्यावरणाच्या राजकारणाला या देशात जी बैठक मिळाली, तिच्यातील मोठा वाटा अशा ग्रंथांचा आहे.

न्यायालयानेही त्यात हात घातला. २२ नोव्हेंबर १९९१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, महेशचंद्र मेहता यांच्या याचिकेवर, पर्यावरणाचे शिक्षण सर्व स्तरांवर द्यावे असा आदेश दिला. त्यास अनुसरून विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या साऱ्या शाखांसाठी सहा महिन्यांचा पाठ्यक्रम आखला. त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याच्या भारती विद्यापीठातील डॉ. इराक भरूचा यांनी लिहिले. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यालाही नदी, रान आणि हवा यांविषयी काही वाचावे लागते, हा लाभ सामान्य नाही. मात्र सक्तीच्या विषयाची जी गत होते ती याही विषयाची पुष्कळ ठिकाणी झाली आहे: व्याख्या पाठ करावयाच्या, प्रकल्पाची वही सजवावयाची आणि उत्तीर्ण व्हावयाचे. राब म्हणजे काय, तो का बंद करावयाचा होता आणि कोणी होऊ दिला नाही, हे ठाणे जिल्ह्यातील महाविद्यालयातसुद्धा किती विद्यार्थ्यांना सांगता येईल?

या विषयाचा एक अभ्यास मात्र विद्यापीठाबाहेर झाला, आणि तो गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गोंड गावात. देवाजी तोफा आणि त्यांच्या गावकऱ्यांनी तेथे अभ्यासगट चालविले; बाहेरच्या जाणकारांना बोलावून कायदा वाचला, रानाची माहिती गोळा केली, आणि एकमत झाल्यावाचून निर्णय घ्यावयाचा नाही असा दंडक पाळला. २००६ साली संसदेने वनहक्कांचा कायदा केला. त्याखाली २००९ साली मेंढ्याच्या ग्रामसभेस सुमारे १,८०० हेक्टर रानावर सामूहिक हक्क मिळाला. असा हक्क मिळविणाऱ्या देशातील पहिल्या गावांपैकी ते एक. पण रानातला बांबू विकावयाची वेळ आली तेव्हा वाहतुकीचा परवाना अडला, कारण बांबू हे झाड की गवत, हा वाद निघाला. वनस्पतिशास्त्राने बांबूला केव्हाच गवताच्या कुळात घातले आहे. वृद्ध ब्रँडिस यांनी १९०६ साली, मृत्यूपूर्वी एक वर्ष, ‘इंडियन ट्रीज’ हा आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याच्या लांबलचक उपशीर्षकातही वृक्ष आणि बांबू ही नावे वेगळी दिली आहेत. परंतु १९२७ च्या वनकायद्यातील व्याख्येप्रमाणे बांबू हे झाड होते, आणि झाड म्हटले की ते इमारती लाकूड, खात्याच्या अखत्यारीतले. २००६ च्या कायद्याने बांबूला गौण वनोपजांत घातलेले असूनही खात्याची नजर जुन्या व्याख्येवरच होती. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्याला गेले, आणि वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आले. १९२७ च्या कायद्यातील झाडाच्या व्याख्येतून बांबू हा शब्द गळला तो त्यानंतर सहा वर्षांनी, २०१७ साली.